बोट जोडलं गेलं, आता रंधा कधी हातात घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा. टेबल-सॉवर (टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या पात्याच्या करवतीवर) फळी मागे उसळली आणि डावा हात पात्यावर गेला. मधल्या बोटाचे तळव्याकडचे, बोट मिटवणारे दोन्ही टेंडन तुटले, तर्जनीची अंगठ्याकडच्या बाजूची नस (रक्तवाहिनी नव्हे, जाणीव नेणारा मज्जातंतू) बुडाशी तुटली. दोन्ही शिवून आज सात आठवडे झाले, स्प्लिंट नुकतं निघालंय. मधलं बोट अर्धंच मिटतं, तर्जनीचं टोक बधिर आहे, आणि ज्यांना काहीच लागलं नव्हतं ती अनामिका आणि करंगळीसुद्धा घट्ट आवळत नाहीत. रंधा कधी मारता येईल? बोटात पुन्हा जाणीव येईल का? टेबल-सॉसमोर पुन्हा उभं राहावं का? की घरचे म्हणतात तसा हा छंदच सोडून द्यावा?

मी गेली २२ वर्षं हाताच्या दुखापतींनंतरची थेरपी करते, आणि सुटीच्या दिवशी स्वतः सुतारकाम करते. म्हणून आधी सरळ उत्तर देते, कारणं नंतर. छंद सोडावा असं तुमच्या वर्णनात मला काहीही दिसत नाही. रंधा बाराव्या आठवड्याच्या आत नको. आणि टेबल-सॉचा निर्णय पकडीच्या जोरावर घेऊ नका, तर्जनीच्या टोकाला काय कळतं त्यावर घ्या. अशक्त बोट काम अडवतं, पण ते तुम्हाला तसं कळवतं. बधिर बोट काहीच कळवत नाही, म्हणून यंत्राजवळ मला त्याची जास्त काळजी वाटते.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. करवतीची जखम सुरीच्या जखमेसारखी नसते. सुरी चिरते. टेबल-सॉचं पातं मात्र जाताना साधारण ३ मिलिमीटर रुंदीचा पट्टाच उडवून नेतं, लाकडातूनही आणि बोटातूनही. कडा फाटक्या असतात, टेंडनची आणि नसेची थोडी लांबी गेलेली असते, आत भुसा शिरलेला असतो. शल्यचिकित्सकाला ते सगळं साफ करून उरलेली टोकं जुळवावी लागतात. त्यामुळे व्रण जास्त येतो आणि वेळही जास्त लागतो. ओळखीतल्या कुणाचं सुरीनं कापलेलं बोट दोन महिन्यांत मिटलं, म्हणून आपलंही मिटायला हवं होतं, असा हिशेब मांडून खचू नका.

आता मधल्या बोटाकडे येऊ. टेंडन म्हणजे दोरी. ती ओढणारा स्नायू बोटात नसतो, तो मनगट आणि कोपर यांच्या मधे असतो. तिथून निघालेली दोरी बोटात एका अरुंद नळीतून सरकते, आणि गळाच्या काठीवर दोर काठीला धरून ठेवणाऱ्या कड्या असतात तसे पट्टे तिला हाडाशी धरून ठेवतात. बोटाच्या बुडाशी या एकाच नळीत दोन टेंडन एकमेकांना घासत जातात. अमेरिकन शल्यचिकित्सक स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं, कारण त्यांच्या काळात इथं शिवलेले टेंडन नळीला चिकटूनच बसायचे. आता शिवण्याची पद्धत खूप सुधारली आहे आणि शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच बोट हलवायला सुरुवात होते. तरी चिकटण्याचा त्रास पूर्ण गेलेला नाही. शरीराकडे तुटलेली टोकं सांधायला एकच गोंद आहे, तो म्हणजे व्रणाची ऊती. जोड क्लॅम्पमध्ये आवळल्यावर बाहेर आलेला गोंद पुसला नाही, तर शेजारची फळीही चिकटते ना, नेमकं तेच बोटाच्या आत होतं. टोकंही जुळतात आणि दोरी नळीलाही धरून बसते. तुमचा पुढच्या काही महिन्यांचा व्यायाम म्हणजे हा बाहेर आलेला गोंद पुसत राहणं आहे, मूळ जोड न उचकटता.

आणि जोड अजून पिकलेला नाही. सर्वसाधारण शिडी अशी असते: सहा ते आठ आठवड्यांपर्यंत जोर न लावता हालचाल, आठव्या आठवड्यानंतर हळूहळू हलका जोर, बाराव्यानंतर जड काम. तुमचा टेंडन किती पक्का शिवता आला हे शल्यचिकित्सकांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी वेगळी तारीख दिली असेल तर तीच धरा, माझी नको.

इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक सांगते. स्प्लिंट निघालं की कुणीतरी मऊ चेंडू आणून देतं आणि माणूस दिवसभर तो दाबत बसतो. सातव्या आठवड्यात हे दोन्ही बाजूंनी नुकसानीचं आहे. एक तर जोर लावून आवळणं हाच टेंडन तुटायचा मार्ग आहे. दुसरं म्हणजे मुठीत चेंडू असला की बोटं तळव्याला टेकूच शकत नाहीत. ज्या शेवटच्या अर्ध्या इंचासाठी आपण झगडतोय, तिथे चेंडूच आडवा येतो. आत्ता रिकामी मूठच हवी. सरळ पंजा, मग आकड्यासारखी वाकलेली बोटं, मग पूर्ण मूठ, पुन्हा सरळ, मग फक्त बुडाशी वाकवून टेबलासारखा सपाट पंजा, आणि शेवटी नखं आत न वळवता बोटांचे मऊ भाग तळव्याला टेकवणारी सरळ मूठ. प्रत्येक आकारात दोन टेंडन एकमेकांपासून आणि नळीपासून वेगवेगळं अंतर सरकतात, म्हणून पाचही आकार करायचे. दर दोन तासांनी पाच-दहा वेळा पुरे. सकाळी एकदाच अर्धा तास करून दिवसभर हात गप्प ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण व्रण दिवसभर विणला जात असतो.

आधी हात कोमट पाण्यात पाच मिनिटं धरला तर बोटं मोकळी होतात. पण पाणी उजव्या हातानं तपासा. डाव्या तर्जनीवर या बाबतीत विश्वास ठेवू नका.

बोट मिटत नाही म्हणजे नेमकं काय होतंय, हे थेरपिस्टसमोर बसून तपासून घ्या, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे. थेरपिस्टनं हलक्या हातानं बोट मिटवलं तर पूर्ण मिटतं, पण स्वतःहून मिटत नाही, असं असेल तर दोरी चिकटली आहे. दुसऱ्यानं मिटवूनही अडतं, असं असेल तर सांधाच आखडला आहे. पहिल्या प्रकारात मधलं पेर दुसऱ्या हातानं सरळ धरून फक्त टोकाचा सांधा वाकवण्याचे व्यायाम कामी येतात. दुसऱ्या प्रकारात हलका, लांब वेळचा ताण किंवा त्यासाठी वेगळं स्प्लिंट लागतं. बऱ्याच जणांना दोन्ही थोडं थोडं असतं. मधला सांधा वाकलेल्या स्थितीतच राहायला लागला असेल तर ते लवकर सांगा. तो सांधा एकदा आखडला की महिनोन्‌महिने सतावतो. पण तो सरळ करायला घरी कुणाला ओढायला लावू नका. पूर्ण मेहनत घेऊनही तीन ते सहा महिन्यांत प्रगती जागीच थांबली, आणि सांधे मोकळे असूनही दोरी सरकत नसेल, तर चिकटलेला टेंडन सोडवायची शस्त्रक्रिया असते. तिचा विचार आज करायची गरज नाही.

आता तुम्हाला बुचकळ्यात टाकणारा प्रश्न: न लागलेली अनामिका आणि करंगळी का आवळत नाहीत? तुमच्या धडधाकट उजव्या हातावर करून बघा. घरातल्या कुणाला तरी उजवं मधलं बोट पूर्ण सरळ धरून ठेवायला सांगा आणि बाकीची मूठ आवळा. आवळताच येत नाही, हो ना? मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या टोकांपर्यंत जाणारे टेंडन वर एकाच स्नायूच्या पोटातून निघतात. एक दोरी अडली की तिघींचा प्रवास तिथेच थांबतो. याला ‘क्वाड्रिगा’ म्हणतात, चार घोडे जोडलेल्या रोमन रथावरून पडलेलं नाव. तर्जनीची दोरी बरीचशी स्वतंत्र असते, म्हणून ती मात्र मिटते. म्हणजे त्या दोन बोटांना वेगळं काही झालेलं नाही. मधलं बोट जसं सुटत जाईल तशी त्यांची पकडही परत येईल. आणि ती यायलाच हवी, कारण हातोड्याच्या दांड्यावरचा खरा जोर करंगळीच्या बाजूनंच येतो.

सूज आणि व्रण यांबद्दल फार लिहीत नाही, थेरपिस्टनं सांगितलं असेलच. बसल्या-झोपल्या हात छातीपेक्षा वर ठेवा, बोटाभोवती लवचीक पट्टी टोकाकडून बुडाकडे गुंडाळा. जखम पूर्ण बंद झाल्यावर व्रणावर अंगठ्यानं दाब देऊन गोल गोल मालीश करा. व्रण पिकून मऊ व्हायला वर्षभर लागतं. आज तो लाल, टणक आणि उंच दिसतोय, ते तसंच राहणार नाही. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर निदान हे वर्ष बंद ठेवा. निकोटिननं बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटाची दुरुस्ती नेमकी त्यांच्याच जिवावर चाललेली असते.

तर्जनीकडे मात्र सावकाश बघू, कारण तुमचे बाकीचे सगळे निर्णय तिच्यावर टेकले आहेत.

नस शिवली म्हणजे तारेला तार जोडली असं होत नाही. तुटलेल्या जागेपासून टोकाकडचे तंतू मरतात, उरते ती रिकामी नळी. वरच्या टोकातून नवे तंतू त्या नळीत हळूहळू वाढत जातात, साधारण दिवसाला १ मिलिमीटर. सुरुवातीला वाढ सुरू व्हायलाच काही आठवडे जातात. तुमची नस बोटाच्या बुडाशी तुटली, तिथून टोक सहा-सात सेंटिमीटर. आता हिशेब करा: सातव्या आठवड्यात टोक बधिर आहे यात काहीच वावगं नाही. उलट आत्ताच टोकाला सगळं कळत असतं तर मला नवल वाटलं असतं. तंतू कुठवर पोचले हे बघायची सोपी पद्धत आहे. टोकाकडून बुडाकडे येत, नसेच्या रेषेवर बोटानं हलके टिचकी मारत या. एका जागी टिचकीसरशी टोकाकडे मुंग्या आल्यासारखं, विजेसारखं झिणझिणेल. ती सध्याची वेस. दर रविवारी ती जागा नखाच्या किंवा सांध्याच्या अंतरानं लिहून ठेवा. महिन्याभरात ती पुढे सरकली तर काम चालू आहे. दोन-तीन महिने एकाच जागी अडली आणि तिथे बोट लावताच जीव कळवळत असेल, तर शल्यचिकित्सकांना दाखवा.

जाणीव परत येते तीही एकदम नाही. आधी टोचणं आणि जोराचा दाब, मग फिरणारा स्पर्श, मग स्थिर स्पर्श, आणि सगळ्यात शेवटी बारीकसारीक ओळख. सुरुवातीला मेंदूला येणारे निरोप चुकीच्या पत्त्यावरचे असतात, कारण तंतू जुन्या जागी तंतोतंत जात नाहीत. खरखरीत वस्तू गुळगुळीत वाटते, टोकाला लावलेलं बोट बाजूला लागल्यासारखं वाटतं. मेंदूला ही नवी भाषा शिकवावी लागते, आणि या बाबतीत सुतार नशीबवान आहे, कारण शिकवायचं सगळं साहित्य त्याच्या कार्यशाळेतच पडलेलं असतं. टोकाला फिरणारा स्पर्श कळायला लागला की घासकागदाचे तीन तुकडे घ्या, ६०, १२० आणि २४० नंबरचे. कागद डोळ्यांनी बघत त्यावरून तर्जनी अलगद फिरवा. मग डोळे मिटून तेच करा आणि कुठला कागद ते सांगा. मग डोळे उघडून पडताळा. चुकलात तर बघत बघत पुन्हा फिरवा, उजव्या तर्जनीनंही तोच कागद चाचपून बघा. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटं. कागद जमले की लाकडाचे तुकडे: रंधलेली बाजू कुठली, करवतीची कुठली, रेषांच्या दिशेनं बोट चाललंय की आडवं. मग एका डब्यात स्क्रू, वॉशर, खुंटी आणि छोटी खिट्टी टाकून न बघता एकेक ओळखून काढा. माझ्याकडच्या हौशी सुतारांचा यात वर्गाच्या व्यायामांपेक्षा जास्त जीव रमतो, आणि रमला की माणूस सातत्य ठेवतो.

काही जणांचं उलटं होतं. टोक बधिर असतं, पण व्रणाजवळ वारा लागला तरी सहन होत नाही. त्यावरही कार्यशाळेतलाच इलाज आहे. आधी मऊ सुती कापड, मग टॉवेल, मग रंध्याच्या सालपटांनी भरलेल्या खोक्यात हात घालून पाच मिनिटं चाळवत बसणं, मग जाडसर भुसा. त्रास सोसवेल इतपत असला पाहिजे आणि थांबल्यावर लवकर विरला पाहिजे. जखमेला कुठेही उघडी जागा किंवा खपली असेल तोवर भुशात हात घालू नका.

नस पोचेपर्यंतच्या काळात त्या बोटाला सांभाळायचं काम डोळ्यांचं आहे. एका गृहस्थांनी नुकतंच छिद्र पाडून झालेलं ड्रिल बिट नेहमीच्या सवयीनं बधिर तर्जनी आणि अंगठ्यानं काढलं. अंगठा पोळला म्हणून हात झटकला, तोवर तर्जनीवर फोड आला होता. तो फोड त्यांना संध्याकाळी बायकोनं दाखवला. बधिर बोटाचा दुसरा, कमी लक्षात येणारा धोका म्हणजे अतिघट्ट पकड. टोकाला वस्तू निसटतेय की नाही हे कळत नाही, म्हणून हात खात्रीसाठी गरजेपेक्षा किती तरी जास्त आवळतो. वेल्लोरला काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरोग्यांच्या हातांचा अभ्यास केला आणि दाखवून दिलं की बोटं झडतात ती रोगानं खाल्ली म्हणून झडत नाहीत. न जाणवलेल्या जखमा, भाजणं आणि अवजाराच्या मुठीचा तोच तोच दाब त्यांना संपवतो. तुमची बधिरता एका बोटाच्या एका बाजूपुरती आणि बहुधा तात्पुरती आहे, पण नियम तोच लागू पडतो. काम करताना दर दहा मिनिटांनी थांबा आणि बोट डोळ्यांनी तपासा. लाल चट्टा पाच-दहा मिनिटांत गेला नाही, तर ती पकड किंवा ती मूठ चुकीची आहे.

आता प्रत्यक्ष बाकावर केव्हा आणि काय, हे मी माझ्या पेशंटना सांगते तसं सांगते.

आत्ता, सातव्या-आठव्या आठवड्यात, कार्यशाळेत जा. जायलाच हवं. नकाशा काढा, फळ्या निवडा, उजव्या हातानं आखणी करा आणि डावा पंजा गुण्यावर नुसता वजन म्हणून ठेवा. डाव्या हाताला या टप्प्यावर ‘तू मदतनीस आहेस’ एवढंच शिकवायचं आहे. दुखापतीनंतर मेंदू त्या हाताला बाजूला ठेवायला फार लवकर शिकतो आणि ती सवय नंतर मोडायला जड जाते. आठव्यानंतर, थेरपिस्टनं हलका जोर मान्य केला की, ठोकळ्याला गुंडाळलेला घासकागद दोन्ही हातांनी फिरवा, गोंद लावा, तेलाचा बोळा फिरवा. तेलाचा हात देणं हा माझ्या माहितीतला उत्तम व्यायाम आहे: जोर कमी, हालचाल भरपूर, आणि शेवटी हातात काहीतरी सुंदर उरतं.

बारा आठवड्यांनंतर रंधा. रंध्यात ढकलायचं काम उजव्या हाताचं असतं, डावा पुढच्या मुठीवर दाब आणि दिशा देतो. सुरुवात नुकत्याच धार लावलेल्या पात्यानं, अगदी पातळ सालपट निघेल इतक्याच खोलीवर आणि मऊ लाकडावर करा. डाव्या हातानं मूठ आवळायची गरज नाही, तळव्याचा गादीसारखा भाग तिच्यावर टेकवा. बोथट पातं हे नेहमीच वाईट, पण दुखावलेल्या हाताला ते दुप्पट महाग पडतं. करवतीत ओढून कापणारी जपानी धाटणीची करवत घ्या. तिचं पातं पातळ असतं, कमी लाकूड उडवतं, म्हणून जोरही कमी लागतो, आणि लांब दांडा दोन्ही हातांनी धरता येतो. काप सुरू करताना पात्याशेजारी डावा अंगठा लावायची सवय असेल तर ती आता सोडा आणि लाकडाचा ठोकळा टेकू म्हणून क्लॅम्प करा.

पटाशी मी रंध्याच्या बऱ्याच नंतर ठेवते, आणि लोकांना याचं आश्चर्य वाटतं. पटाशीनं हलकं तासताना पात्याला दिशा कोण देतं ते आठवा. डावा अंगठा आणि डावी तर्जनी, तेही धारेपासून दोन बोटांवर. म्हणजे तुमचं नेमकं तेच बोट, आणि नेमकी तीच बाजू. घासकागदाचे नंबर डोळे मिटून ओळखता येईपर्यंत खाच पाडायची असेल तर लाकूड क्लॅम्पमध्ये आवळा, पटाशी उजव्या हातात उभी धरा आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा.

मधलं बोट पूर्ण मिटत नाही तोवर अवजारांच्या मुठी जाड करा. सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली तरी चालतं. मूठ जाड झाली की अर्धवट मिटणाऱ्या बोटालाही धरायला जागा मिळते. मात्र तिथेच थांबू नका. दर दोन-तीन आठवड्यांनी एक वेढा कमी करत जा, नाहीतर बोट जाड मुठीपुरतंच मिटायला शिकतं.

वेळेचं गणित दुसऱ्या दिवशी सकाळी सोडवायचं. कागदाची पट्टी मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याभोवती गुंडाळून खूण करा. आज पंधरा मिनिटं काम केलं आणि उद्या सकाळी खूण जुळत नाही, सांधा जाड झालाय, तर पुढच्या वेळी निम्मं करा. खूण जुळली तर पाच मिनिटं वाढवा. काम करताना थोडं दुखणं चालेल. रात्रभर ठणकणं चालणार नाही. हातातलं थरथरणारं यंत्र, म्हणजे ऑर्बिटल सँडर, जिगसॉ, राउटर, हे पहिले सहा महिने तरी शक्यतो टाळा. नव्यानं वाढणाऱ्या नसेला कंपन मानवत नाही आणि गारवा न सोसण्याचा त्रास त्यानं वाढतो. हा गारव्याचा त्रास तुम्हाला बहुधा होईल: थंडीत बोट पांढरं-निळं पडून ठणकणं. नस तुटल्यावर तो अगदी नेहमीचा आहे, काहींचा हळूहळू कमी होतो, बऱ्याच जणांना थोडा उरतो. बोट गरम ठेवा, कामाआधी हात शेकून घ्या. पण फिरत्या पात्याजवळ किंवा ड्रिलजवळ हातमोजा कधीही नको, तो बोटासकट आत ओढला जातो.

आणि टेबल-सॉ. मी त्याला शेवटी ठेवते आणि तीन गोष्टी जुळल्याशिवाय हो म्हणत नाही. तर्जनीच्या टोकाला फळीची कड आणि तिची थरथर न बघता कळली पाहिजे. डाव्या हाताची पकड अचानक धक्का आला तरी सुटणार नाही इतकी हवी. आणि तुम्हाला तुमचा अपघात का झाला हे शब्दांत सांगता आलं पाहिजे. ‘लक्ष नव्हतं’ हे उत्तर पुरेसं नाही. फळी मागे उसळते ती बहुतेक वेळा पात्याच्या मागच्या दातांमुळे. ते दात खालून वर येत असतात. फळी फेन्स (तिला सरळ सरकवणारी कडेची आडपट्टी) आणि पातं यांच्या मधे तिरकी झाली, किंवा कापल्यावर तिची फट मिटून पात्याला चिमटा बसला, की ते दात तिला उचलून तुमच्याकडे फेकतात. फळीवर ठेवलेला हात तिच्याबरोबर पात्याकडे खेचला जातो. पात्यामागचा रायव्हिंग नाइफ, म्हणजे पातळ धातूची उभी पट्टी, ही फट मिटू देत नाही. तो लावलेला होता का? फळीची फेन्सला टेकणारी कड सरळ होती का? डावा हात पात्याच्या रेषेपलीकडे, मागच्या बाजूला गेला होता का? याची उत्तरं प्रामाणिकपणे मिळाली की भीतीला एक आकार येतो आणि तिच्यावर काम करता येतं.

त्वचेचा स्पर्श होताच काही मिलिसेकंदांत पातं थांबवणारी सॉस्टॉप यंत्रणा २००४ पासून बाजारात आहे. परवडत असेल तर जरूर विचार करा. नाहीतर सरळ काप बँड-सॉवर घ्या: त्यात पातं लाकडाला खाली टेबलावर दाबतं, त्यामुळे फळी तुमच्याकडे उसळत नाही. बोट कापायची त्याची क्षमता मात्र तितकीच आहे. मोठ्या प्लायवूडसाठी ट्रॅक-सॉ (फळीवर ठेवलेल्या रुळावरून सरकणारी करवत) बरी, कारण फळी जागेवर असते आणि दोन्ही हात यंत्राच्या मुठीवर. मी स्वतः बहुतेक कापणी या दोघांवर नेली आहे आणि माझं काम कुठे अडलेलं नाही.

यंत्राचा आवाज ऐकून पोटात गोळा येणं स्वाभाविक आहे. आधी दुसरं कुणी चालवत असताना लांब उभे राहा, मग जवळ, मग पातं काढून ठेवलेल्या यंत्रावर फळी ढकलायचा सराव करा. अपघाताला महिना उलटूनही तोच प्रसंग स्वप्नात येत असेल, झोप उडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ती बोटाइतकीच खरी दुखापत आहे. घरच्यांनाही या तयारीत सामील करून घ्या. त्यांनी रक्तानं माखलेला हात पाहिलाय, त्यांच्या ‘सोड हे’मागे तेवढंच आहे.

काही गोष्टींसाठी पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही. बोटात काहीतरी ‘टक्’ झालं आणि कालपर्यंत होणारी हालचाल आज अजिबात होत नाही, तर टेंडन तुटला असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. लालसर सूज, पू, ताप आला तर तसंच. आणि सगळा पंजा जखमेच्या मानानं फारच दुखतोय, जळजळतोय, रंग बदलतोय, चकाकतोय, घामेजतोय, तर तो गुंतागुंतीच्या प्रादेशिक वेदनेचा आजार असू शकतो. लवकर पकडला तर त्यावर उपाय होतात.

बारा आठवडे झाले की पहिली वस्तू कुठली करायची, हे मी माझ्या सगळ्या हौशी सुतारांना सांगते, तुम्हालाही सांगते: पुश-ब्लॉक, म्हणजे यंत्रावर फळी पुढे ढकलायचा मुठीचा ठोकळा. यंत्र न लावता, हाताच्या अवजारांनी. हाताला लांब ठेवणारी ती चीज आहे, आणि तिची मूठ तुमच्याच हाताच्या मापाची व्हायला हवी. १८ मिलिमीटर प्लायवूडची साधारण ३० सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर रुंद तळपट्टी घ्या, मागच्या टोकाला फळी अडकेल अशी छोटी टाच, तळाला रबराचा पातळ तुकडा. वर उंच मूठ, म्हणजे बोटं टेबलापासून चांगली वर राहतील. मूठ चार-पाच बैठकांत घडवा. कानस मारा, डाव्या हातात धरून बघा, पुन्हा कानस मारा. मधलं बोट जिथे आरामात टेकतं ती जाडी ठेवा. आणि तर्जनीला जो कंगोरा अजून जाणवत नाही, तो डोळ्यांनी शोधून घासून काढा.